भाजीपाल्याच्या मुळाशी राखणदार ठेवा



मृगाची चाहूल लागली की टोमॅटो, मिरची, वांगी, कोबी यांची रोपे टाकायची घाई सुरू होते. महागामोलाचे बी आणायचे, वाफा करायचा, झारीने पाणी घालायचे. आठवड्याभरात वाफा हिरवागार होतो आणि जिवाला बरे वाटते. मग एका ढगाळ सकाळी पाहावे तर वाफ्याच्या मधोमध ताटाएवढ्या जागेतली रोपे आडवी पडलेली! दुसऱ्या दिवशी ते ताट परातीएवढे होते, चौथ्या दिवशी निम्मा वाफा गेलेला असतो. बियाण्याचे पैसे जातातच, पण त्याहून मोठे नुकसान म्हणजे हंगामाचे पंधरा-वीस दिवस जातात. ते कोणत्याच दुकानात विकत मिळत नाहीत.

वाफ्यातून वाचलेले रोप शेतात लावले, फुलोऱ्यावर आले, आणि ऐन फळाच्या वेळी एकेक झाड माना टाकू लागले, हेही तुम्ही पाहिले असेल. मग औषधाच्या दुकानाकडे धाव. फवारणी होते, आळवणी होते, पण सुकलेले झाड काही उठत नाही.

या दोन्ही दुखण्यांचे मूळ मातीत आहे आणि त्यावरचा एक चांगला उपायही मातीतच आहे. तो म्हणजे मित्रबुरशी आणि मित्रजिवाणू. ही पावडर आता खेड्यापाड्यांत मिळू लागली आहे. पण ती कधी घालायची, कशात कालवायची आणि कशात कालवायची नाही, हे नीट न कळल्यामुळे अनेकांचे पैसे वाया जातात. म्हणून या पत्रिकेत सगळे क्रमवार सांगितले आहे. वाचा, आणि घरातल्या वाचणाऱ्या मुलाबाळांकडून आईबापांनाही वाचून दाखवा.

आधी रोग ओळखा

झाड सुकले की आपण सरसकट ‘मर’ म्हणतो. पण मर लागण्याची कारणे वेगवेगळी आणि उपायही वेगवेगळे. म्हणून सुकलेले एक झाड मुळासकट उपटा, मुळे धुवा आणि उजेडात बघा. पाच मिनिटांचे काम आहे.

१. वाफ्यातले रोप जमिनीलगत पाणचट होऊन, दोरा बांधल्यासारखे बारीक होऊन कोलमडले, तर ते रोपकोलमड. पिथियम, रायझोक्टोनिया अशा बुरशींचे हे काम. दाट पेरणी, साचलेले पाणी आणि ढगाळ हवा त्यांना फार मानवते.

२. मोठ्या झाडाच्या बुंध्याशी पांढऱ्या कापसासारखी बुरशी आणि तिच्यात मोहरीसारखे तपकिरी दाणे दिसले, तर ती स्क्लेरोशियमची खोडकूज. ते दाणे म्हणजे बुरशीचे बीच समजा. जमिनीत ते वर्षानुवर्षे पडून राहतात.

३. खालची पाने आधी पिवळी, पुष्कळदा झाडाची एकच बाजू पिवळी, आणि खोड उभे चिरले तर आत तपकिरी रेघ, तर तो फ्युजॅरियमचा मर. ही बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच बुजवते. जमिनीत पाणी असूनही झाड तहानलेले राहते.

४. झाड हिरवेच्या हिरवे असताना एकदोन दिवसांत माना टाकते, तेव्हा जिवाणूजन्य मर असण्याचा संभव मोठा. परीक्षा सोपी आहे. बुंध्याजवळचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरा, हलवू नका. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी धार खाली उतरू लागली, तर तो जिवाणूच.

५. मुळांवर गाठीच गाठी असतील, तर सूत्रकृमी. चवळी-घेवड्याच्या मुळांवरच्या नत्राच्या गाठींशी मात्र घोटाळा करू नका. नत्राची गाठ मुळाच्या कडेला मण्यासारखी चिकटलेली असते, नखाने सुटते. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते, ती सुटत नाही.

मित्रबुरशीचा खरा उपयोग पहिल्या तीन दुखण्यांवर. चौथ्या आणि पाचव्याबद्दल पुढे बोलू.

मातीत कोण कोण राहते?

चमचाभर सुपीक माती हातात घ्या. तिच्यात कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरशीचे कितीतरी धागे. त्यांतले बहुतेक पालापाचोळा कुजवतात, खत तयार करतात, कोणाच्या अध्यातमध्यात नसतात. रोग करणारे मूठभरच. पण एकाच रानात सालोसाल टोमॅटो किंवा मिरची घेतली, शेणखत तोडले आणि पाटाचे पाणी सोडून ठेवले, की त्या मूठभरांचे राज्य होते. त्यांना आवडते खाणे दरवर्षी आयते मिळते आणि त्यांना अडवणारे उपाशी मरतात.

या अडवणाऱ्यांपैकी एक म्हणजे ट्रायकोडर्मा नावाची हिरवट बुरशी. ती परदेशातून आणलेली नवी वस्तू नव्हे. आपल्या रानात, कुजक्या लाकडावर, पाल्याखाली ती असतेच. १९३२ साली अमेरिकेत वाइंडलिंग नावाच्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की ही बुरशी दुसऱ्या रोगट बुरशीवर चढते आणि तिलाच खाते. तेव्हापासून तिच्यावर जगभर काम झाले. आज ट्रायकोडर्मा व्हिरिडी आणि ट्रायकोडर्मा हार्झियानम या दोन नावांनी ती आपल्याकडे पाकिटात मिळते.

ती चार तऱ्हांनी काम करते. एक, ती भराभर वाढते आणि मुळाभोवतीची जागा व खाणे आधीच बळकावते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरावी तसेच हे! दुसरे, रोगट बुरशीचा धागा भेटला की ती वेलासारखी त्याला विळखा घालते आणि त्याचे कवच विरघळवणारे पाचक रस सोडते. तिसरे, रोगट बुरशीला मारक अशी काही द्रव्ये ती मातीत सोडते. आणि चौथे, ती मुळाच्या संगतीत राहिली की रोपाची स्वतःची प्रतिकारशक्तीही जागी होते.

दुसरा राखणदार आहे स्युडोमोनास फ्लुरोसन्स. हा जिवाणू. मुळाभोवतीचे लोह तो आपल्याकडे ओढून धरतो, त्यामुळे रोगट बुरशीला लोह मिळत नाही आणि तिची वाढ खुंटते. शिवाय तोही बुरशीला मारक द्रव्ये तयार करतो. तिसरा बॅसिलस सबटिलिस. त्याचे बीजाणू चिवट असल्यामुळे त्याची पावडर इतरांपेक्षा जास्त टिकते.

राखणदार आहे, वैद्य नव्हे

या साऱ्या पत्रिकेतली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही ठेवा. मित्रबुरशी ही खळ्यावर बसवलेल्या राखणदारासारखी आहे. राखणदार चोर येण्याच्या आधी बसवायचा असतो. चोरी झाल्यावर बसवून गेलेले धान्य परत येत नाही. तसेच सुकलेल्या झाडाच्या मुळाशी ट्रायकोडर्मा ओतून झाड उठत नाही. एकदा झाडाच्या नळ्या बुजल्या की बुजल्या. तेव्हा ओतणे म्हणजे बैल गेला नि झोपा केला, अशातली गत.

आणि राखणदार जिवंत आहे, हेही विसरू नका. त्याला खायला लागते, ते म्हणजे शेणखत. प्यायला लागते, म्हणजे जमिनीत ओल हवी. सावली लागते. साधारण २५ ते ३० अंश उष्णता त्याला मानवते. कोरड्या तापल्या मातीत भर दुपारी पावडर भुरभुरली, तर ती मातीला मिळाली, मुळाला नव्हे.

राखणदार चार ठिकाणी बसवायचा आहे: बियाण्याला, वाफ्यात, रोपाच्या मुळाला आणि शेतात. एकेक पाहू.

पहिले ठिकाण: बियाणे

साध्या, औषध न लावलेल्या एक किलो बियाण्यास ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा पावडर लावावी. भाजीचे बी थोडेच असते. दहा ग्रॅमच्या पुडीला चिमूटभर पावडर पुरते. बी ताटात घ्यावे, गुळाच्या थंड पाण्याचा नुसता हबका मारावा, पावडर टाकून हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि त्याच दिवशी पेरावे. उन्हात वाळवू नये.

आता एक अडचण. संकरित बियाणे पुष्कळदा गुलाबी, लाल किंवा निळ्या रंगाचे येते. तो रंग म्हणजे वर बुरशीनाशक लावलेले आहे याची खूण. अशा बियाण्यास ट्रायकोडर्मा लावण्यात अर्थ नाही. रासायनिक बुरशीनाशक चांगली बुरशी, वाईट बुरशी असा भेद करत नाही. तिथे बियाणे जसे आहे तसेच पेरा आणि राखणदार वाफ्यात बसवा.

दुसरे ठिकाण: वाफा

वाफा गादीवाफाच करावा. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब आणि जमिनीपासून वीतभर उंच. सपाट वाफ्यात पावसाचे पाणी तुंबते आणि रोपकोलमडीला आमंत्रण मिळते. बी फेकून पेरू नये. चार बोटांच्या अंतरावर आडव्या रेघा ओढून पातळ पेरावे. नुसत्या या दोन गोष्टींनीही रोग बराच कमी होतो, आणि त्याला पैसा लागत नाही.

कोकणात भाताच्या रोपासाठी राब भाजतात, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. उष्णतेने तण आणि रोग मरतात, हे आपल्या वाडवडिलांनी ओळखले होते. पण त्यात पाला, शेण, गवत जळून जाते. तेच काम उन्हाकडून फुकट करून घेता येते. एप्रिल-मे महिन्यांत वाफ्याची माती भिजवून घ्यावी आणि वर पातळ, पारदर्शक प्लास्टिकचा कागद ताणून अंथरावा. कडा मातीने बुजवाव्यात. चार ते सहा आठवडे तसाच ठेवावा. वरच्या थराची उष्णता ५० अंशांच्या आसपास जाते आणि रोगट बुरशी, तणाचे बी, सूत्रकृमी यांचा बराच नायनाट होतो. ही पद्धत इस्राएलमध्ये काटान या शास्त्रज्ञाने १९७६ साली मांडली आणि आपल्या कडक उन्हाळ्यात ती छान चालते. कागद पारदर्शकच हवा. माती कोरडी असेल तर गुण येत नाही.

कागद काढल्यावर वाफा म्हणजे रिकामे घर. रिकाम्या घरात जो आधी शिरेल त्याचे घर! म्हणून कागद काढला, माती निवली की लगेच ट्रायकोडर्मा मुरवलेले शेणखत प्रत्येक वाफ्याला दोन घमेली मिसळावे. हे खत कसे करायचे ते पुढे दिले आहे.

रोपे विकत आणत असाल तर रोपवाटिकावाल्याला विचारा: ट्रेमध्ये ट्रायकोडर्मा घातला होता का? आणि गेल्या आठवड्यात कोणते बुरशीनाशक दिले? विचारायला संकोच कसला? पैसे आपण मोजतो.

तिसरे ठिकाण: रोपाचे मूळ

लावणीच्या दिवशी दहा लिटर पाण्याच्या बादलीत १०० ग्रॅम पावडर ढवळावी. उपटलेल्या रोपांची मुळे त्यात वीस मिनिटे बुडवून ठेवावीत आणि मग लावावीत. बादली सावलीत ठेवावी. मधून मधून काठीने ढवळावे, कारण पावडर तळाशी बसते. ट्रेमधली रोपे असतील तर तळाचा गड्डा पुरता भिजेपर्यंत ट्रेच पाण्यात टेकवावा. लावणी शक्यतो दुपार कलल्यावर करावी.

चौथे ठिकाण: शेत

इथे नुसती पावडर न टाकता खतात मुरवून टाकावी. कृती अशी.

लावणीच्या पंधरा दिवस आधी झाडाच्या सावलीला किंवा छपराखाली २०० किलो चांगले कुजलेले शेणखत पसरावे. त्यात २ किलो ट्रायकोडर्मा पावडर मिसळावी. दहा-वीस किलो निंबोळी पेंड असेल तर उत्तम. पाण्याचा शिपका मारून खत इतके ओले करावे, की मुठीत दाबले तर लाडू वळेल पण पाणी गळणार नाही. ढीग गुडघ्याएवढ्या उंचीचाच करावा आणि ओल्या गोणपाटाने झाकावा. दर तीन-चार दिवसांनी वर-खाली करावा, वाळल्यासारखा वाटला तर पुन्हा शिपका मारावा. आठ ते पंधरा दिवसांत खतात पांढरट-हिरवट बुरशी पसरलेली दिसू लागते. खत तयार झाले.

यात एक चूक हमखास होते. घाईत ताजे शेण वापरले जाते. ताजे शेण कुजताना तापते आणि त्या उष्णतेत आपला राखणदारच भाजून निघतो. आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहा. आत ऊब लागली तर खत अजून कच्चे आहे, थांबा.

हे खत एक एकराला पुरते, पण कसे? चार फुटांवर सरी आणि दीड फुटावर रोप धरले तर एकरात साधारण ७,२०० रोपे बसतात. २०० किलो खत त्यांत वाटले तर रोपाला २७-२८ ग्रॅम येते, म्हणजे अर्धी मूठ. म्हणून ते रानभर फेकू नका. रोप लावायच्या खड्ड्यातच अर्धी मूठ टाका आणि रोप लावा. मूळ तिथे राखणदार.

लावणीनंतर महिन्याभराने, जमीन ओली असताना, एक आळवणी द्यावी. लिटरला ५ ग्रॅम पावडर आणि रोपाला अर्धा कप म्हणजे ५० मिलिलिटर पाणी. ७,२०० रोपांना ३६० लिटर पाणी आणि १ किलो ८०० ग्रॅम पावडर लागेल. ठिबकमधून देणार असाल तर द्रवरूप औषध घ्या. पावडर दुहेरी फडक्यातून गाळल्याशिवाय सोडू नका, नाहीतर ड्रीपर तुंबतील.

वर दिलेली प्रमाणे सर्वसाधारण आहेत. पाकिटावर वेगळी मात्रा छापलेली असेल तर पाकिटावरची पाळा.

हे करू नका

कार्बेन्डाझिमसारखे बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एका बादलीत कालवू नका. कार्बेन्डाझिम ट्रायकोडर्माला मारते. ‘दोन्ही घातले म्हणजे दुप्पट गुण’ असा हिशेब इथे उलटा पडतो, राखणदाराला आपणच मारल्यासारखे होते. मुळाशी रासायनिक बुरशीनाशक ओतावेच लागले, तर पंधरा दिवस जाऊ द्या आणि मग मित्रबुरशी घाला.

ताम्रयुक्त औषधे आणि स्ट्रेप्टोसायक्लीन यांच्या जोडीला स्युडोमोनास देऊ नका. तो जिवाणू आहे, जिवाणूवरच्या औषधाने तोही मरतो.

ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास दोन्ही वापरायचे असतील तर आठ-दहा दिवसांच्या अंतराने द्या.

युरिया, सुपर फॉस्फेट अशा खतांत पावडर मिसळू नका.

पाकीट पत्र्याच्या खोलीत, मोटारसायकलच्या डिकीत किंवा कीटकनाशकाशेजारी ठेवू नका. माठाजवळची थंड, कोरडी जागा चांगली. मात्र लहान मुलांचा हात पोचणार नाही अशी.

घरात अळिंबीची शेती असेल तर हे काम तिथून लांब करा. ट्रायकोडर्मा बुरशीवर वाढणारी बुरशी, आणि अळिंबी ही बुरशीच. अळिंबीच्या पिशव्यांत ती शिरली तर हिरवी बुरशी होऊन पीक बुडते.

पावडर विषारी नसली तरी नाकातोंडात जाऊ देऊ नका. फडके बांधा आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवा.

पाकीट घेताना

जिवाणू-बुरशीच्या पाकिटात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. पांढरी भुकटी ती भुकटी. म्हणूनच फसवणुकीला जागा राहते. तेव्हा तीन गोष्टी पाहा. पहिली, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख. मुदत संपलेले पाकीट म्हणजे मेलेला राखणदार. निम्म्या किमतीत मिळाले तरी घेऊ नका. दुसरी, नोंदणी क्रमांक. ट्रायकोडर्मा आणि स्युडोमोनास यांची विक्री १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी करून करावी लागते. तिसरी, जिवंत कणांची संख्या. ट्रायकोडर्माच्या पावडरीत दर ग्रॅमला निदान २० लाख जिवंत कण असावेत असा दंडक आहे. पाकिटावर ही संख्या सी.एफ.यू. या नावाखाली लिहिलेली असते. आणि पावती घ्या, बरं का! पावतीशिवाय तक्रार उभी राहत नाही.

आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. तिथे किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी चौकशी करा. खात्रीचा माल कुठे मिळेल ते कळेल.

शंका-समाधान

शंका: आमच्या टोमॅटोला जिवाणूची मर आहे, पेल्यात दुधासारखी धार आली. ट्रायकोडर्मा चालेल का?
उत्तर: त्यावर भरवसा ठेवू नका. स्युडोमोनासने थोडीफार मदत होते, पण मुख्य उपाय वेगळे आहेत. सुकलेली झाडे मुळासकट उपटून जाळा, बांधावर फेकू नका. रोगट सरीतले पाणी पुढच्या सरीत जाऊ देऊ नका, कारण रोग पाण्याबरोबर पसरतो. खुरपी, कुदळी धुऊन वापरा. त्या रानात पुढची दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा घेऊ नका. ही सगळी एकाच कुळातली भावंडे आहेत. ज्वारी, मका यांसारखी पिके घ्या. टोमॅटोचा ‘अर्का रक्षक’ हा संकर या रोगाला दाद न देणारा म्हणून बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने तयार केला आहे. त्याचाही विचार करा.

शंका: मुळांवर सूत्रकृमीच्या गाठी आहेत, मग?
उत्तर: निंबोळी पेंड घाला, उन्हाळ्यात खोल नांगरट करून रान तापू द्या, झेंडूची फेरपालट करा. सूत्रकृमीची अंडी खाणारी पॅसिलोमायसिस नावाची वेगळी मित्रबुरशी मिळते. तीही शेणखतात मुरवूनच वापरावी. सूत्रकृमीने मुळाला जखम केली की तिथून मर रोगाची बुरशी शिरते. म्हणून एकाकडे दुर्लक्ष केले तर दुसरा येतो.

शंका: एकदा घातला की ट्रायकोडर्मा जमिनीत कायम राहील ना?
उत्तर: राहतो, पण पुरेशा संख्येने राहीलच असे नाही. शेणखत, पालापाचोळा मिळत राहिला तर टिकतो. उघड्या, कोरड्या, भुकेल्या जमिनीत त्याची संख्या घटते. म्हणून दर हंगामाला रोपाबरोबर थोडा थोडा द्यावा आणि जमिनीला सेंद्रिय खताची सवय लावावी.

शंका: याने पानावरचा करपा, चुरडा-मुरडाही थांबेल का?
उत्तर: नाही. मुळाजवळ बसवलेल्या राखणदाराने शेंड्याची राखण करावी अशी अपेक्षा ठेवू नये. चुरडा-मुरडा विषाणूमुळे होतो आणि तो पसरवणारी किडी असतात. त्यांचा बंदोबस्त वेगळा.

शंका: मग रासायनिक औषध पूर्ण बंद करायचे का?
उत्तर: तसे आम्ही म्हणत नाही. रोग फार पसरला असेल तर तज्ज्ञाच्या सल्ल्याने औषध द्यावेच लागेल. पण दरवर्षी त्याच रानात, त्याच रोगावर, वाढत्या मात्रेने औषध ओतावे लागत असेल, तर दुखणे जमिनीचे आहे हे ओळखा. फेरपालट, निचरा, शेणखत आणि मित्रबुरशी अशा चार बैलांची ही जोत आहे. एकट्या बैलावर नांगर ओढवू नका.

आमच्या शब्दावर जाऊ नका, दोन वाफे करा

शेवटी एक विनंती. आम्ही रेडिओवर सांगितले किंवा पत्रिकेत छापले म्हणून डोळे मिटून विश्वास ठेवू नका. या हंगामात शेजारी शेजारी दोन वाफे करा. माती, बियाणे, पाणी, पेरणीचा दिवस, सगळे सारखे. एका वाफ्यात ट्रायकोडर्मा मुरवलेले खत घाला, दुसऱ्यात तेवढेच साधे शेणखत. दोन्हीकडे पाटी लावा. बी मोजून पेरा: शंभर इकडे, शंभर तिकडे. पंचवीस दिवसांनी दोन्हीकडची उभी रोपे मोजा आणि आकडा वहीत लिहून ठेवा. मग शेतात लावताना दोन्हींच्या ओळी वेगळ्या ठेवा आणि फळे सुरू होईपर्यंत सुकलेली झाडे मोजत राहा.

फरक दिसला तर पुढच्या साली सगळ्या रानाला करा, शेजाऱ्यालाही सांगा. फरक दिसला नाही, तर का दिसला नाही ते शोधा: पाकीट जुने होते, खत कच्चे होते, माती कोरडी पडली, की रोगच वेगळा होता? शोधूनही सापडले नाही तर वही घेऊन कृषी विज्ञान केंद्रात जा. नुसते ‘गुण आला नाही’ म्हणण्यापेक्षा वहीतला आकडा दाखवला की तिथल्या तज्ज्ञांनाही नेमके सांगता येते.

लक्षात ठेवा

रोग ओळखा, मग औषध ठरवा.
वाफा उंच, पेरणी पातळ, पाणी बेताचे.
रंगीत बियाण्यास ट्रायकोडर्मा लावू नका, वाफ्यात घाला.
किलोभर बियाण्यास ५ ग्रॅम, दहा लिटर पाण्यास १०० ग्रॅम, एकराला २ किलो पावडर २०० किलो खतात.
खत कुजलेले, जागा सावलीची, माती ओली.
बुरशीनाशकात कालवू नका.
तारीख पाहा, नोंदणी पाहा, पावती घ्या.
आणि सगळ्यांत महत्त्वाचे: झाड सुकण्याच्या आधी.

वाफा टाकायला अजून अवकाश असेल तर आजच एवढे करा. सावलीची जागा बघून ठेवा आणि उकिरड्यातले खालचे, काळे, भुसभुशीत झालेले शेणखत बाजूला काढा. बाकीचे मग सोपे आहे. बरं मंडळी, राम राम!